वेगाच्या देवाचे नैवेद्य

कवीचे किंवा गवयाचे चरित्र रंगवणे कठीण असे सामान्यतः मानले जाते. परंतु कारागिराचे चरित्र रंगवणे त्याहूनही कठीण आहे, असे आम्हांस वाटते. गवयाचे गाणे प्रेक्षकांस ऐकवता येते, कवीची ओळ नटाच्या मुखी घालता येते. पण कारागिराचे काम वर्षानुवर्षे एकाच खोलीत, त्याच त्या हालचालींनी चाललेले असते, आणि त्याचा बहुतेक भाग पाहणाऱ्यास कंटाळवाणा वाटतो. म्हणून ग्रंथकार आणि चित्रपटकार बहुधा सोपी वाट धरतात. ते कारागिराचा स्वभाव रंगवतात आणि त्याचे काम गृहीत धरतात. सुताराचा भोळेपणा, लोहाराचा राग, घड्याळजीचा विक्षिप्तपणा ह्यांची आपणांस ओळख होते. परंतु त्याच्या हातातली कानस कोठे थांबली आणि तेथेच का थांबली, हे आपणांस कळत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. ज्या सुशिक्षित घरांत पुस्तक कसे हाताळावे हे मुलांस शिकवतात, पण पाना कसा धरावा हे शिकवीत नाहीत, त्या घरांत हातकामाविषयीचा आदर बराचसा कलाकृतींतूनच यावयाचा असतो. त्या कलाकृतींनीच काम झाकून ठेवले, तर तो आदर कशाच्या आधारावर उभा राहावा?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास रॉजर डोनाल्डसन ह्यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ सालचा चित्रपट फार उपयोगी आहे. नावातील 'इंडियन' ह्या शब्दाने वाचकांनी फसू नये. ते एका मोटारसायकलीचे, आपल्याकडील जुन्या बोलीत सांगावयाचे तर फटफटीचे, नाव आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यात तयार झालेली 'इंडियन स्काउट' जातीची ही गाडी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकारगिल गावच्या बर्ट मन्रो नामक गृहस्थाने १९२० साली विकत घेतली, आणि पुढे जन्मभर तो तिच्यातच गुंतून राहिला. मन्रोचा जन्म १८९९ चा व मृत्यू १९७८ चा. त्याच्यावर डोनाल्डसन ह्यांनी तरुणपणी, १९७१ साली, एक लहानसा माहितीपट केला होता. आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ मनात बाळगलेल्या ह्या विषयाचा त्यांनी पुढे मोठा चित्रपट केला. मन्रोची भूमिका अँथनी हॉपकिन्स ह्यांची आहे. इतकी निष्ठा ज्या कृतीच्या मागे आहे, तिचे परीक्षण आदरानेच केले पाहिजे. परंतु आदर म्हणजे स्तुती नव्हे.

प्रथम मूळ हकिकत पाहू. नवी असताना ही गाडी सुमारे ६०० घन सेंटिमीटरांच्या इंजिनाची होती आणि तिचा कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, इतकाच होता. मन्रो दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी करी आणि रात्री आपल्या शेडमध्ये हिच्यावर काम करी. शर्यतीच्या गाड्यांस लागणारे सुटे भाग मागवण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. म्हणून त्याने ते स्वतः घडवले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत पिस्टन ओतले. जुन्या बिडाच्या नळांतून सिलिंडर कोरून काढले. चाकाच्या जुन्या आऱ्याचे मोजमापाचे साधन बनवले. पिस्टनाची गती फिरत्या आसाकडे नेणारा जो कनेक्टिंग रॉड, तो त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने कोरला. असे करता करता १९६७ साली त्याच गाडीने अमेरिकेतील युटा संस्थानातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर, १००० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या वर्गात, ताशी १८४ मैलांचा विक्रम केला. त्या वेळी गाडीचे वय ४७ होते आणि चालकाचे ६८.

ह्या आकड्यांचा अर्थ यंत्रशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकांच्या ध्यानी यावा म्हणून दोन शब्द सांगतो. वाहनास हवेचा जो रोध होतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सुमारे आठपट हवी. येथे वेग तिपटीहून अधिक झाला. मूळ इंजिनातील झडपा सिलिंडरच्या बाजूस होत्या. अशा रचनेत इंजिनास मोकळा श्वास घेता येत नाही. म्हणून मन्रोने त्या वर, माथ्याकडे, नेल्या. इंजिनाचे आकारमान ९५० घन सेंटिमीटरांपर्यंत वाढवले आणि सबंध गाडीवर माशाच्या आकाराचे निमुळते कवच चढवले. परंतु एक भाग बळकट केला की त्याच्या शेजारचा भाग दुबळा ठरतो. पिस्टन टिकला तर रॉड तुटतो. रॉड टिकला तर तेल पुरत नाही. पिस्टनचीच गोष्ट घ्या. अल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. म्हणून थंड असताना पिस्टन आणि सिलिंडर ह्यांमध्ये नेमकी फट ठेवावी लागते. ती केसभर कमी पडली तर पिस्टन फुगून अडकतो आणि चालत्या इंजिनाचे वाटोळे होते. केसभर जास्त झाली तर वायू निसटतो आणि शक्ती वाया जाते. श्रीमंत स्पर्धकास ही फट मोजून दिलेला पिस्टन दुकानात मिळतो. मन्रोस ती इंजिन मोडून मोडून शोधावी लागली.

ह्या मोडतोडीचे स्मारक त्याने स्वतःच उभारले होते. शेडमधील एका फळीवर त्याने फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, जळलेल्या झडपा ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि वेगाच्या देवास वाहिलेले नैवेद्य अशा अर्थाचे शब्द तेथे लिहिले होते. डोनाल्डसन ह्यांनी १९७१ च्या माहितीपटास तेच नाव दिले. आमच्या मते मन्रोच्या चरित्राचे सार ह्या एका फळीत आहे. सामान्य माणूस मोडलेली वस्तू लपवतो किंवा भंगारवाल्यास विकतो. ह्याने ती देव्हाऱ्यात ठेवावी तशी ठेवली. कारण त्यांतील प्रत्येक तुकडा त्याचा गुरू होता. कोठे तडा गेला, कोणत्या बाजूने धातू वितळला, हे पाहूनच पुढला भाग घडवावयाचा होता. त्याची गरिबी ही त्याच्या यशाच्या वाटेतील धोंड होती असे म्हणणे अर्धेच खरे आहे. नवा भाग विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे जुना भाग का मोडला हे समजून घेणे त्यास भाग पडले, आणि त्या समजुतीतूनच यश आले. टंचाई हीच त्याची शाळा झाली.

आता चित्रपटाकडे वळू. त्याचे गुण उघड आहेत. हॉपकिन्स ह्यांनी रंगवलेला म्हातारा हट्टी आहे, बडबड्या आहे, थोडा घाणेरडाही आहे. रोज सकाळी तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाशी जो व्यवहार करतो, त्याने शेजारी हैराण होतात. तथापि तो कोणाचा अपमान करीत नाही आणि कोणी केला तर मनावर घेत नाही. घर गहाण ठेवून, मालवाहू जहाजावर आचाऱ्याचे काम करीत तो अमेरिकेस पोहोचतो. तेथे मोटारी विकणारा, रस्त्यात भेटलेला आदिवासी गृहस्थ, एकटी राहणारी विधवा, अशा परक्या माणसांच्या साहाय्याने मैदान गाठतो. कथेत खलपुरुष नाही. स्वभावाच्या ओलाव्यावर इतका लांबचा प्रवास तोलून धरणे हे सामान्य दिग्दर्शकाचे काम नव्हे. घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आक्षेप आहे तो पुढेच. ह्या चित्रपटात मनुष्य आहे, प्रवास आहे, विक्रम आहे. फक्त काम नाही. आरंभी ती फळी दिसते, भट्टी पेटलेली दिसते, पिस्टन ओतण्याचे एक दृश्यही आहे. परंतु ती सारी नायकाच्या विक्षिप्तपणाची सजावट म्हणून येतात. शेजारचा मुलगा कौतुकाने पाहतो, आपणही पाहतो, आणि कथा जहाजावर चढते. एकदा शेड मागे पडली की गाडी ही घडवावयाची वस्तू राहत नाही. सांभाळून न्यावयाची वस्तू होते. वास्तविक मन्रो बॉनव्हिलला अनेकदा गेला. १९६२ साली त्याने तेथे ताशी १७८.९७ मैलांचा विक्रम केला, १९६६ साली पुन्हा एक केला, आणि १९६७ साली शेवटचा. ह्या वर्षांच्या मध्ये तो घरी परतला, इंजिन उघडले, काय मोडले ते पाहिले आणि पुन्हा घडवले. चित्रपटाने हे सारे एकाच फेरीत कोंबले आहे. काळ आखडता घेण्याचा हक्क कलावंतास आहेच. परंतु काय गाळले ह्यावरून त्याने कशाला महत्त्व दिले ते कळते. येथे गाळला गेला तो परतीचा प्रवास, आणि परतीच्या प्रवासानंतरची रात्रपाळी. त्यामुळे विक्रम हा साहसाचे आणि सज्जनांच्या कृपेचे फळ वाटतो. चाळीस वर्षांच्या अभ्यासाचे फळ वाटत नाही.

दुसरा आक्षेप काटकसरीच्या चित्रणाविषयी आहे. मैदानावर तपासनीस गाडी पाहतात तेव्हा त्यांस आढळते की इंधनाच्या टाकीस ब्रँडीच्या बाटलीचे बूच लावले आहे. टायरच्या भेगा बुटाच्या पॉलिशने बुजवल्या आहेत. थांबण्यासाठी हवाई छत्री नाही आणि आगीपासून रक्षणाचा पोशाख नाही. प्रेक्षक हसतात, नियमांवर बोट ठेवणारे अधिकारी कोरडे वाटतात, आणि अखेरीस त्यांचे मन द्रवते तेव्हा आपणांस बरे वाटते. ह्या प्रसंगात बूच आणि भेगाळलेला टायर एकाच रांगेत बसवले आहेत, ही गोष्ट आम्हांस खटकते. त्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ट्रॅक्टरच्या आसातून कोरलेला रॉड ही खरी काटकसर होय. कारण तेथे पैसा वाचवला असला तरी धातूच्या गुणाविषयी तडजोड केलेली नाही. भेगांवर पॉलिश फासणे ही काटकसर नव्हे, ती झाकपाक होय. जुनी गाडी थोडक्या खर्चात उभी करणाऱ्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीस हा विवेक असतो. तो टाकी जुनी घेईल, चिखलफळी ठोकून सरळ करील, दिवा दुसऱ्या गाडीचा बसवील. पण टायर, ब्रेक आणि हँडल ह्यांच्या बाबतीत पैशाकडे पाहणार नाही. चित्रपटाने ह्या दोन्ही गोष्टींस एकच हसू बहाल केल्यामुळे कारागिराची बुद्धी आणि म्हाताऱ्याचा धांदरटपणा ह्यांतील रेषा पुसली गेली आहे.

तिसरी गोष्ट आकड्याची. पडद्यावर मन्रोची गाडी २०० मैलांची सीमा ओलांडते. बॉनव्हिलचा अधिकृत विक्रम मात्र दोन्ही दिशांनी केलेल्या धावांची सरासरी काढून ठरवला जातो, म्हणजे वाऱ्याच्या पाठबळाचा लाभ कोणास मिळू नये. त्या रीतीने १९६७ चा विक्रम प्रथम १८३.५८६ मैल असा नोंदला गेला. पुढे २०१४ साली, मन्रोच्या मृत्यूस ३६ वर्षे लोटल्यावर, हिशेबात चूक असल्याचे त्याच्या मुलाच्या लक्षात आले. अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने ती मान्य केली आणि आकडा १८४.०८७ असा दुरुस्त केला. अर्ध्या मैलाची ही दुरुस्ती आम्हांस २०० च्या आकड्याहून अधिक हृदयंगम वाटते. ज्या मनुष्याने केसभर फटीसाठी रात्री घालवल्या, त्याच्या वाट्यास शेवटी केसभर न्याय आला. तो कोणाच्या दयेने आला नाही, गणिताने आला. मन्रोस शोभणारा शेवट हाच होता. २००५ साली तो घडलेला नव्हता, हे खरे. परंतु नेमकेपणाची ही भावना चित्रपटात आधीपासून असती, तर गोल आकड्याचा मोह दिग्दर्शकास झाला नसता.

कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे काही यंत्रशाळेतला वर्ग नव्हे. प्रेक्षक फटी आणि झडपा पाहण्यास येत नाहीत. ह्यास उत्तर म्हणून आम्ही एका पुस्तकाकडे बोट दाखवतो. रॉबर्ट पर्सिग ह्यांचा 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तत्त्वचर्चा सर्वांनाच पटेल असे नाही. कित्येक ठिकाणी ती पाल्हाळिकही आहे. पण त्यात एक साधा प्रसंग आहे. सहप्रवासी मित्राच्या किमती गाडीचे हँडल सैल होते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून तेथे बसवावी. तो पत्रा पातळ आहे, मऊ आहे, गंजतही नाही. मित्र दुखावला जातो. आपल्या उंची गाडीस डब्याचा पत्रा लावावा, ही कल्पनाच त्यास अपमानाची वाटते. एवढाच प्रसंग, पण वस्तू गुणावरून ओळखणारा आणि वस्तू किमतीवरून ओळखणारा, अशा दोन प्रकृतींचे चित्र त्यात पुरे उतरले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी एकच अडकलेला स्क्रू निघत नाही म्हणून सबंध गाडी अडून बसते, आणि त्या क्षणी त्या क्षुद्र स्क्रूची किंमत गाडीइतकी होते, हे लेखकाने विस्ताराने उलगडले आहे. लाखो वाचकांनी हा ग्रंथ वाचला. त्यांतील किती जणांनी जन्मात कधी पाना धरला असेल? तेव्हा कामाचे वर्णन कंटाळवाणेच होते, हा समज खोटा आहे. अडचण कोठे आली आणि तिचा विचार कसा झाला, हे दाखवले की स्क्रूदेखील नाट्याचा विषय होतो.

पडद्यास हे साधणार नाही असे नाही; उलट शब्दांहून अधिक चांगले साधले असते. त्या फळीवरील एखादाच फुटका पिस्टन कॅमेऱ्याने हाती घ्यावयाचा होता. तो कसा ओतला, केव्हा बसवला, कोठल्या वाळवंटी किनाऱ्यावर पूर्ण वेगात असताना फुटला, मन्रोने तो उजेडात धरून काय वाचले, आणि पुढल्या पिस्टनमध्ये काय बदलले, एवढे दहा मिनिटांत दाखवता आले असते. मग शेवटच्या धावेत इंजिनाचा आवाज वाढत जाताना प्रेक्षक नुसत्या वेगाने थरारले नसते. त्या लहानशा तुकड्याच्या काळजीने त्यांचे प्राण कंठाशी आले असते. आता त्यांस म्हाताऱ्याची काळजी वाटते. तीही खरी आहे. पण त्या म्हाताऱ्यास स्वतःस जी काळजी होती, ती ही नव्हे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे वाचकांनी समजू नये. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी ह्या गाड्या तयार होत; तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतर ज्यांनी त्या जुन्या गाड्या जिवंत ठेवल्या, त्यांनी त्या जुन्या बाजारांतील भंगार धुंडाळून, एका गाडीचा भाग दुसरीस लावून, नाही मिळाला तो लेथवाल्याकडून घडवून घेऊनच ठेवल्या. अशी गाडी पुन्हा सुरू झाली की लोक मालकाचे अभिनंदन करतात. ज्याने रात्र जागून तिचा गिअर बसवला, त्या मिस्त्रीचे नाव कोणी विचारीत नाही. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार झाला की दात्याची शिळा बसते, पाथरवटाची बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. मन्रोच्या बाबतीत दाता आणि पाथरवट एकच होता. म्हणून त्याची कथा ही पाथरवटाची कथा म्हणून सांगण्याची दुर्मीळ संधी होती. डोनाल्डसन ह्यांनी ती दात्याची कथा म्हणून सांगितली: हिंमत, औदार्य, भाग्य.

एकंदरीत, मनुष्य म्हणून बर्ट मन्रो ज्यांस पाहावयाचा आहे त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. हॉपकिन्स ह्यांच्या अभिनयासाठी तर पाहावाच. मुलांना तो दाखवावा हेही आम्ही सांगू. मात्र चित्रपट संपल्यावर आरंभीचे ते फळीचे दृश्य पुन्हा एकदा लावावे, थांबवावे, आणि त्यातील एकेका तुकड्याकडे बोट दाखवून मुलांस विचारावे की हा का फुटला असेल. उत्तर चुकले तरी हरकत नाही. पडद्याने जे काम झाकले आहे, त्याचा थोडासा भाग त्या प्रश्नाने तरी घरात येईल.